व्यंगचित्रं, नाटक, सिनेमा : जी. अरविंदन यांच्याकडे कुठून शिरावं?

रेघोट्या

नमस्कार. प्रश्न थोडा लांबला आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय विचारता येत नाही.

गेल्या महिन्यात 'कुम्माट्टी' पाहिला. १९७९ चा मल्याळम चित्रपट. एक दाढीवाला म्हातारा नाचत-गात गावात येतो, मुलांना मुखवटे घालतो आणि मंत्र म्हणून त्यांची जनावरं करून टाकतो. मग सगळ्यांना परत माणसात आणतो. फक्त चिंदन नावाचा मुलगा कुत्रा झालेला असताना पळून गेलेला असतो, तो तसाच राहतो. पुढचं वर्षभर तो कुत्राच असतो. भटकत भटकत तो घरी येतो आणि घरचे त्याला ओळखतात, तिथे मी चित्रपट थांबवून उठले, पाणी प्यायले आणि तेवढाच भाग पुन्हा पाहिला.

दिग्दर्शक जी. अरविंदन. त्यांच्याविषयी वाचायला घेतलं तर पहिल्याच ओळीत 'व्यंगचित्रकार'. पुढे नाटक, संगीत, माहितीपट. मी चकित झाले, कारण त्या चित्रपटात मला व्यंगचित्रकार कुठेच दिसला नव्हता. माळ दिसला, आभाळ दिसलं, मुलं धावताना दिसली. टोमणा एकही नाही.

आता माझं. एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत सहा वर्षं मी चार चौकटींची मालिका काढत होते. पुरवणीची पानं कमी झाली आणि मालिका बंद झाली. मला कुणी कळवलं नाही, अंक उघडल्यावर समजलं. त्यानंतर दोन एकांकिकांचं नेपथ्य केलं, फोनवर सात मिनिटांची एक फिल्म केली. घरात वडीलधारे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. वाईट हेतूनं म्हणत नाहीत, पण ते वाक्य रात्री आठवतं.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अरविंदन यांच्या चित्रांचा त्यांच्या सिनेमाशी खरंच काही संबंध आहे, की ती आधीची नोकरी आणि ही नंतरची? हे सगळं करताना त्यांचं पोट कशावर चालायचं? आणि 'कुम्माट्टी'नंतर काय पाहावं?

---

रात्री नऊचा खेळ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. 'तम्पु' (१९७८) पाहा. नाव ऐकून ओळखीचं वाटेल, तंबूच तो. एक फिरती सर्कस भारतप्पुळा नदीकाठच्या तिरुनावायला ट्रकमधून येते, तंबू ठोकते, खेळ करते, निघून जाते. कृष्णधवल आहे. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

'कुम्माट्टी' आणि 'तम्पु' दोन्ही आज इतके स्वच्छ पाहायला मिळतात त्यात पुण्याचाही वाटा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या प्रतींचा या कामी उपयोग झाला. 'कुम्माट्टी'चं पुनरुज्जीवन २०२१ मध्ये पूर्ण झालं आणि 'तम्पु' २०२२ मध्ये कानच्या महोत्सवात जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवला गेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं दोन्हींसाठी खूप खटपट केली.

'कांचन सीता'नं मात्र सुरुवात करू नका. चित्रपट मोठा आहे, १९७७ चं दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला आहे. पण मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या हाती काही लागलं नाही. राम जंगलात चालतो आहे, लक्ष्मण चालतो आहे, वारा सुटला आहे. सीता येतच नाही. नंतर कुणीतरी समजावलं की वारा हीच सीता. मला अजूनही वाटतं की ज्या माणसानं बारा वर्षं दर आठवड्याला व्यंगचित्रांतून लोकांना हसवलं-टोचलं, त्यानं सिनेमात येऊन ते हत्यार म्यान केलं. तुम्हाला जे 'दिसलं नाही' असं वाटतंय, ते कदाचित तिथे नाहीच. हे माझं प्रामाणिक मत आहे, कुणी खोडून काढलं तर ऐकायला आवडेल.

---

कोळिक्कोड ८४

रेघोट्या, तुमचा प्रश्न वाचला आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यात बारा कागद आहेत, त्यांच्याविषयी सांगतो.

१९८४ साली बँकेनं माझी बदली कोळिक्कोडला केली. चार वर्षं राहिलो. भाड्याची खोली ज्यांच्या घरात होती ते निवृत्त शिक्षक. तिकडे शिक्षकाला 'माष' म्हणतात, मीही त्यांना माषच म्हणायला लागलो. मला मल्याळम वाचता येत नव्हतं. माषांनी पहिलीचं पुस्तक आणलं नाही. त्यांनी एक जाड, खळ लावून बांधलेली वही आणून माझ्यापुढे ठेवली. 'मातृभूमी' साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावरची मालिका, आठवड्यामागून आठवडे कात्रीनं कापून चिकटवलेली. 'चेरिय मनुष्यरुम् वलिय लोकवुम्', म्हणजे लहान माणसं आणि मोठं जग. चित्रकार अरविंदन. १९६१ ते १९७३. आठवड्याला एक धरलं तरी सहाशेच्या वर भरतात. माषांच्या घरी तो अंक मागच्या बाजूनं उघडायची पद्धत होती.

रोज संध्याकाळी कामावरून आलो की कांजी होईपर्यंत आम्ही दोन-तीन पानं वाचायचो. मी अक्षर अक्षर लावून शब्द म्हणायचा, माषांनी अर्थ सांगायचा. त्यात रामू नावाचा तरुण आहे. शिकलेला, बेकार, मनात भाबडी तत्त्वं असलेला, मध्यमवर्गातला. आणि एक गुरुजी आहेत, त्याला जगण्याविषयी चार गोष्टी सांगणारे. राजकारण येतं, साहित्य येतं, बेकारी येते, त्या काळात केरळात जे जे बोललं जात होतं ते सगळं येतं. पण मला बांधून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. रामूचं वय वाढतं. तुम्ही स्वतः मालिका काढली आहे, तुम्हाला हे लगेच कळेल. मालिकेतलं पात्र सहसा वाढत नाही. पहिल्या दिवशी ज्या वयाचं, त्याच वयाचं ते वीस वर्षांनी. रामूला मात्र नोकरी लागते, तो जुळवून घ्यायला शिकतो, पैसा येतो, प्रतिष्ठा येते आणि वहीच्या शेवटी जो माणूस उभा असतो त्याला सुरुवातीचा रामू घरात घेणार नाही.

माष एकदा म्हणाले, रामू नेमका कुठल्या आठवड्यात बदलला ते शोधायला मी सगळी वही तीनदा चाळली. सापडला नाही. प्रत्येक पानावर तो आदल्या पानासारखाच आहे.

मला वाटतं, रेघोट्या, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माषांच्या या वाक्यात आहे. रात्री नऊचा खेळ म्हणतात की हत्यार म्यान केलं. पण टोमणा हे त्या चित्रांचं हत्यार होतं असं मला ती वही वाचून वाटलं नाही. त्यांचं हत्यार होतं वेळ. बारा वर्षं एका माणसाकडे टक लावून बघत राहायचं, त्याच्यावर आरोप न करता. हेच त्यांनी पुढे कॅमेऱ्यानं केलं.

'तम्पु'चंच घ्या. त्यासाठी खरी सर्कस आणली होती आणि गावकऱ्यांना खेळ पाहायला बोलावलं होतं. सुरुवातीला लोक दिव्यांकडे, कॅमेऱ्याकडे बघत होते. मग खेळात इतके रमले की कॅमेरा विसरले आणि ते चेहरे टिपले गेले. आ वासलेली पोरं, तोंडावर हात धरलेल्या बायका, मान वर केलेला म्हातारा. त्यांत नट एकही नाही. ते चेहरे निवडणारा डोळा व्यंगचित्रकाराचा नाही तर कुणाचा? चेहऱ्यावरची एक रेघ बदलली की माणूस बदलतो हे ज्याला हातानं माहीत आहे, त्यालाच नुसत्या चेहऱ्यांवर इतका वेळ थांबायचा धीर होतो. नंतर त्याच सर्कशीतली माणसं एकेक करून कॅमेऱ्याकडे तोंड करून आपलं आयुष्य सांगतात. एक चौकट, एक माणूस.

'चिदंबरम्' (१९८५) मी कोळिक्कोडलाच थिएटरात पाहिला. खरं सांगायचं तर गेलो होतो स्मिता पाटील आहे म्हणून. आपली माणूस परमुलखात पडद्यावर दिसणार, मला घरची आठवण येत होती. मुन्नारजवळच्या माट्टुपेट्टीच्या गुरांच्या फार्मवर कथा घडते. सी. व्ही. श्रीरामन यांच्या कथेवर आहे. गोपी हे शंकरन, तिथले अधिकारी. श्रीनिवासन हा मुनियांडी, हाताखालचा कामगार, साधा, देवभोळा. तो लग्न करून बायको आणतो, ती शिवकामी म्हणजे स्मिता. तिला पहिल्यांदा हिरव्या उतारावर रंगीबेरंगी फुलं दिसतात तेव्हाचा तिचा चेहरा पाहा. मग शंकरन आणि ती जवळ येतात, मुनियांडी गळफास घेतो, शंकरन पळतो. दारू, भटकंती, औषधं, देवळं. शेवटी चिदंबरमला पोचतो. देवळाबाहेर चपला सांभाळणारी एक बाई बसलेली असते. ती मान वर करते. शिवकामीच असते ती, चेहऱ्यावर व्रण असलेली. आणि कॅमेरा तिला सोडून गोपुरावरून वर, वर, वर जातो. मी घरी आलो आणि माषांना म्हटलं, शंकरन कुठल्या आठवड्यात बदलला ते कळलं नाही. माष खूप वेळ काही बोलले नाहीत.

आता पोटापाण्याचं. अरविंदन यांचा जन्म १९३५ चा, कोट्टायमचा. वडील एम. एन. गोविंदन नायर विनोदी लेखक होते, त्यामुळे हसण्याची चाल घरातूनच आली असावी. नोकरी रबर बोर्डात. हो, रबर बोर्डात. ती व्यंगचित्रं काढणारा माणूस दिवसा सरकारी कचेरीत होता. त्या नोकरीनंच त्यांना कोळिक्कोडला आणलं आणि तिथे त्यांना माणसं भेटली: नाटककार तिक्कोडियन, चित्रकार नंबूतिरी, कथाकार पट्टत्तुविळा करुणाकरन. त्या शहरात संध्याकाळी माणसं एकत्र बसून बोलतात, ते मी चार वर्षं अनुभवलं आहे. पहिला चित्रपट 'उत्तरायणम्' (१९७४) याच बैठकीतून निघाला. लेखन तिक्कोडियन यांचं, पैसे करुणाकरन यांचे, कलादिग्दर्शन नंबूतिरींचं. विषय काय? नोकरी शोधणारा एक बेकार तरुण, आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांचं पुढे काय झालं ते त्याला दिसत जाणं. मालिका संपली १९७३ ला, चित्रपट आला १९७४ ला. रामू पानावरून उठून पडद्यावर गेला असं मी म्हणेन.

त्यानंतर कोल्लमचे काजूचे व्यापारी के. रवींद्रनाथन नायर उभे राहिले. 'कांचन सीता', 'तम्पु', 'कुम्माट्टी', 'एस्तप्पान', 'पोक्कुवेयिल' असे पाच चित्रपट त्यांनी अरविंदन यांच्यासाठी काढले. काजू विकून आलेला पैसा त्यांनी अशा सिनेमात घातला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यांचं नाव दिग्दर्शकाइतकं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम घेतलं.

रेघोट्या, चिंध्यांचं म्हणाल तर, माझ्या आईनं शिवलेली गोधडी आजही माझ्या अंगावर असते. यापुढे त्यावर काही बोलत नाही.

---

तिसरी घंटा

कोळिक्कोड ८४ यांनी इतकं भरभरून लिहिलं, पण नाटक अगदीच बाजूला राहिलं. मी प्रायोगिक नाटकांच्या मागच्या बाजूला गेली बावीस वर्षं काम करते आहे: नेपथ्य, प्रॉपर्टी, कधी प्रकाश. त्यामुळे मला अरविंदन आधी नाटकवाले म्हणून माहीत झाले, सिनेमावाले म्हणून नंतर.

१९७० च्या दशकात कावालम नारायण पणिक्कर आणि त्यांचे सोबती केरळात मातीतलं नाटक शोधत होते. तिकडे त्याला 'तनतु नाटकवेदी' म्हणतात, म्हणजे आपली स्वतःची रंगभूमी. साहेबी पेटीसारखा रंगमंच नको, आपल्याकडे कूटियाट्टम हे जुनं संस्कृत नाट्य आहे, तेय्यम हे देवाचं सोंग घेऊन केलेलं विधिनृत्य आहे, गावच्या देवळासमोरचं अंगण आहे, तिथून सुरुवात करू, असा विचार. या चळवळीतलं कावालम यांचं 'अवनवन् कडंब' अरविंदन यांनी बसवलं. नावाचा अर्थ आपल्याकडे 'ज्याचा त्याचा अडसर' असा सांगता येईल. ते उघड्यावर, झाडांच्या मध्ये केलं गेलं. विंगा नाहीत, पडदा नाही. नट झाडाआडून येतो आणि झाडाआड जातो. त्यात नेडुमुडी वेणू होते, गोपी होते. हेच गोपी पुढे 'चिदंबरम्'मध्ये.

हे वाचल्यावर 'कांचन सीता'कडे परत जा, ही विनंती रात्री नऊचा खेळ यांनाही. ते मुळात सी. एन. श्रीकंठन नायर यांचं नाटक आहे, बोलकं, संवादांनी भरलेलं. अरविंदन यांनी त्यातले शब्द काढून टाकले. राम आणि लक्ष्मण म्हणून आंध्रातल्या जंगलात राहणारे राम चेंचू आदिवासी घेतले. मुकुट नाही, दागिना नाही. आणि सीतेला नटीच दिली नाही. पान हलतं, पाणी खळाळतं, तिथे सीता आहे. नाटकवाल्याच्या नजरेनं बघितलं तर हे नेपथ्यालाच मुख्य भूमिका देणं आहे. आम्ही बॅकस्टेजवाल्यांनी आयुष्यभर मनातल्या मनात हेच मागितलेलं असतं. मी तो चित्रपट पाहताना रडले, रामकथेमुळे नव्हे, या निवडीमुळे.

दुसरं असं की त्यांचा कान. ते संगीतकार होते हे वर नुसतं नावापुरतं आलं. १९८८ च्या 'पिरवी'चं पार्श्वसंगीत त्यांनी मोहन सितारांबरोबर केलं. तो चित्रपट शाजी एन. करुण यांचा, म्हणजे अरविंदन यांच्या इतक्या चित्रपटांच्या छायालेखकाचा. छायालेखक दिग्दर्शक झाला तेव्हा दिग्दर्शक त्याच्यासाठी संगीत करायला बसला. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये असं होतं: या प्रयोगाला मी दिग्दर्शक, तू प्रकाश, पुढच्या प्रयोगाला तू दिग्दर्शक, मी तिकिटं फाडेन. 'पोक्कुवेयिल'मध्ये हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि राजीव तारानाथांचा सरोद आहे, आणि मुख्य भूमिकेत बालचंद्रन चुळ्ळिक्काड हा कवी. 'एस्तप्पान'मध्ये राजन काक्कनाडन हा चित्रकार. नट सोडून भलत्याच माणसांना उभं करायचं धाडस नाटकातून येतं. ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन ये, मग आपण बघू.

आणि हे फक्त केरळातलं नाही बरं का. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर काय होते? संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा पाहिला, कॅमेरा मिळेना, तर खटपट करून १९१८ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा तयार केला, १९२० ला 'सैरंध्री', १९२५ ला 'सावकारी पाश'. पात्रांच्या पोशाखांची रेखाटनंही स्वतःच करायचे. त्यांना कुणी विचारलं असेल का, बाबूराव, तुम्ही नेमके कोण?

रेघोट्या, नेपथ्य दोन एकांकिकांचंच केलंत म्हणता. तिसरी करा. माणूस कुठून येतो आणि कुठे जातो हे रंगमंचावर शिकाल ते चार चौकटींत परत कामाला येईल.

---

रात्री नऊचा खेळ

तिसरी घंटा, 'कांचन सीता' काल रात्री पुन्हा लावला. सगळा नाही पटला. पण यज्ञाच्या प्रसंगापर्यंत येईस्तोवर वाऱ्याची वाट बघायला लागलो होतो, हे कबूल करायला हवं.

माझं मत थोडं दुरुस्त करतो. टोचणारा अरविंदन हवा असेल तर 'ओरिडत्त' (१९८६) बघावा. अर्थ 'एके ठिकाणी'. पन्नासच्या दशकातलं एक खेडं, तिथे वीज येणार. खांब कुठे रोवायचा यावरून सुरू होतं. पंच, साहेब, थापाडे, पैसेवाले, बाहेरून आलेला ओव्हरसियर, प्रत्येकाचा एकेक स्वभाव दोन रेघांत पकडलेला. यालाही दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक आहे, त्यांचं तिसरं. म्हणजे म्यानातलं हत्यार तेरा वर्षांनी परत निघालं. कोळिक्कोड काका, हे तरी मान्य करा.

---

कोळिक्कोड ८४

मान्य. 'ओरिडत्त'मध्ये तो हात ओळखू येतो. मी त्या वेळी तिकडेच होतो. माष बघून आले आणि म्हणाले, हा आमच्या वहीतला माणूस.

---

रेघोट्या

काय लिहू कळत नाही. तीन दिवस धागा वाचते आहे.

'तम्पु' पाहिला. ट्रक येतो, ट्रक जातो, आणि मध्ये ते चेहरे. मी कागद घेऊन बसले आणि चित्रपट थांबवत थांबवत सतरा चेहरे काढले. चौदाव्या चेहऱ्याला हात थांबला, कारण ती बाई हसते आहे की घाबरली आहे ते रेघेत येईना. कितीतरी दिवसांनी असं अडायला झालं. बंद पडलेल्या मालिकेच्या शेवटच्या वर्षी मी कुठेच अडत नव्हते, सरावानं काढत होते. हे आज पहिल्यांदा स्वतःशी मान्य केलं. त्या पुरवणीवर अजून राग आहेच, त्यांनी कळवायला हवं होतं. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तिसरी घंटा ताई, तिसरं नेपथ्य शोधते आहे. कुणाला माणूस हवा असेल तर सांगा, पैशांचं नंतर बघू.

कोळिक्कोड काका, एक विचारू? तुमच्या ट्रंकेतले ते बारा कागद म्हणजे त्या वहीतली पानं का? रामूची? त्यात तो बदलताना दिसतो का?

---

कोळिक्कोड ८४

हो, रामूचीच. १९८८ ला माझी बदली पुन्हा इकडे झाली तेव्हा माषांनी स्टेशनवर पाकीट दिलं. वही फोडून बारा पानं काढली होती. मी म्हटलं, माष, वही कशाला मोडलीत? ते म्हणाले, तुम्हाला आता वाचता येतं.

१५ मार्च १९९१ ला अरविंदन गेले तेव्हा मी माषांना पत्र लिहिलं, मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये. अवघं छप्पन्न वय. 'वास्तुहारा' नुकताच पूर्ण झाला होता. बंगालमधल्या निर्वासितांवरचा चित्रपट, कलकत्त्यात फिरणारा, मोहनलाल मुख्य भूमिकेत. तोही पाहा, पण सगळ्यात शेवटी. माषांचं उत्तर आलं. त्यात चित्रपटाविषयी काही नव्हतं, त्यांच्या अंगणातल्या फणसाला किती फळं धरली आहेत ते होतं.

काल रात्री तुमचा प्रश्न वाचून कागद पुन्हा अंथरले. इतकी वर्षं मी ते नुसते चाळत होतो, क्रमानं कधी लावले नव्हते. सहा पानं सुरुवातीची आहेत, सहा शेवटची. पहिल्या सहांत पोरगेला रामू, नंतरच्या सहांत तो दुसरा. मधलं एकही पान माषांनी दिलेलं नाही.

झेरॉक्स काढून ठेवली आहे. पत्ता निरोपातून कळवा, टपालानं पाठवतो. मल्याळम शब्दांखाली पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेत, काही ठिकाणी चुकले असतील.